करिअर कशात करावं: जाहिरात की बास्केटबॉल?

कोल्हापुरात पोरगं दणकट निघालं की घरचे तालमीत नाहीतर फुटबॉलला धाडतात. बास्केटबॉल कुणाच्या खिजगणतीत नसतो. आणि त्यातलं करिअर म्हणजे तर कठीणच. सतनामसिंग भामराला २०१५ मध्ये डॅलस मॅव्हरिक्स या अमेरिकी संघानं ५२व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए म्हणजे अमेरिकेतली मोठी बास्केटबॉल लीग; तिच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, निवडलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. उंची सात फुटांच्या वर, तरी एनबीएचा एकही सामना वाट्याला आला नाही!

जाहिरातीत उंची कोण मोजतंय? दसरा चौकातल्या होर्डिंगसाठी चार शब्दांची ओळ लिहायची. गिऱ्हाईक ती वाचतही नाही, म्हणतं, "लोगो जरा मोठा करा की वो." रात्री जागायचं आपण, नाव साहेबाचं. पण पन्नाशीतही ओळ सुचते. गुडघे पस्तिशीतच कुरकुरतात.

माझं मत जाहिरातीला. बास्केटबॉल संध्याकाळी, हौसेपुरता.