चार जणांचा तंबू: न्यूझीलंडमधला मोटारप्रवास आणि त्यानंतरचे महिने

हा तंबू घेऊन आता दहा महिने झाले. आम्ही चार मित्रांनी फेब्रुवारीत न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर जो मोटारप्रवास केला, त्यातल्या १४ रात्री आणि परतल्यानंतर वेगवेगळ्या हवामानांत काढलेल्या ११ रात्री, असा एकूण २५ रात्रींचा हा अनुभव आहे. खरेदीच्या वेळी ज्या आकड्यांकडे पाहून मी निवड केली होती, त्यांचा प्रवासात फारसा प्रश्नच आला नाही. तंबू ओला असताना तो किती सहज आवरता येतो, याचा मात्र मी तेव्हा विचारही केला नव्हता, आणि रोज सकाळी गाठ पडली ती त्याच्याशीच.

तंबू दुपदरी आहे. आत जाळीची खोली, वर पॉलिस्टरचे आवरण, अ‍ॅल्युमिनियमचे तीन पोल, दोन्ही बाजूंना दारे आणि दारांपुढे बूट व पिशव्या मावतील एवढी ओसरी. आवरणाची जलरोधक क्षमता ३,००० मिलिमीटर सांगितलेली आहे, म्हणजे कापडावर तेवढ्या उंचीचा पाण्याचा स्तंभ उभा राहीपर्यंत पाणी झिरपत नाही. वजन साडेपाच किलो आहे. पाठीवर घेऊन चालणाऱ्याला हे वजन फार आहे, पण डिकीत ठेवणाऱ्याला त्याचे काहीच वाटत नाही. चार जणांचा म्हणून विकला जात असला तरी चौघे झोपल्यावर आत सामानाला जागा उरत नाही. सामान गाडीत ठेवायचे ठरवले तरच चौघांनी हा घ्यावा.

पहिली परीक्षा विमानतळावरच झाली. न्यूझीलंडमध्ये परकीय माती आणि बियाणे येऊ नये म्हणून जैवसुरक्षेची तपासणी अत्यंत कडक असते. वापरलेला तंबू आणि चालण्याचे बूट अर्जात नोंदवावे लागतात, आणि जोखमीच्या वस्तू न नोंदवता आणल्यास जागेवर ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड होऊ शकतो. आम्ही निघण्यापूर्वी दोनदा सराव म्हणून तंबू उभारला होता, त्यामुळे तळाचे कापड ब्रशने घासून, पेग (दोऱ्या ताणून धरायला जमिनीत ठोकायच्या खुंट्या) एकेक करून धुऊन वाळवले होते. अधिकारीबाईंनी तंबू आत नेला, तळाच्या शिवणी बोटाने चाचपल्या, पेगची पिशवी उलटी करून झटकली आणि वीसेक मिनिटांत सगळे परत दिले. तळाचे कापड गडद करड्या रंगाचे असल्याने त्यावरची माती सहज दिसत नाही. फिकट रंग असता तर आमचे काम निम्मे झाले असते.

क्राइस्टचर्चहून टेकापोमार्गे आम्ही ३,७२४ मीटर उंचीच्या आओराकी पर्वताच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स हिलच्या तळावर पोहोचलो. तिथली जमीन दगडगोट्यांची आहे. तंबूबरोबर आलेले बारीक गोल पेग पहिल्याच संध्याकाळी वाकले, त्यातले पाच तर सरळही करता आले नाहीत. शेवटी दोऱ्या मोठ्या दगडांना बांधल्या. रात्री खोऱ्यातून जोराचे वारे आले, तरी पोल जागचे हलले नाहीत आणि दोऱ्यांचे जोडही उसवले नाहीत, हे या तंबूचे खरे बळ आहे. पेग मात्र पहिल्याच दिवशी बदलावेत. आम्ही वानाकात इंग्रजी वाय अक्षराच्या छेदाचे पेग घेतले, ते आजही सरळ आहेत.

जाळीविषयी मला मनापासून कौतुक वाटते. फियोर्डलँडमध्ये आणि पश्चिम किनाऱ्यावर सँडफ्लाय नावाची चावरी माशी असते. ती खरे तर ब्लॅकफ्लायच्या कुळातली आहे, फक्त मादी चावते आणि खाज कित्येक दिवस जात नाही. १७७३ मध्ये डस्की साऊंड येथे मुक्काम केलेल्या जेम्स कूकनेही तिच्या उपद्रवाची नोंद करून ठेवली आहे. ‘ते अनाऊ’ या गावाहून मिलफर्ड साऊंडकडे जाताना एग्लिंटन खोऱ्यातल्या कॅस्केड क्रीक तळावर सूर्यास्ताच्या सुमारास जाळीच्या बाहेरच्या अंगाला या माश्यांचा काळा थर बसला होता आणि आत एकही नव्हती. दाराची चेन मात्र दोन हातांनी लावावी लागते. एका हाताने ओढली की आवरणाची कड तिच्यात अडकते, आणि माश्या आत शिरायला तेवढी फट पुरते.

त्याच तळावर पावसाने गाठले. समुद्रावरून येणारे पश्चिमी वारे सदर्न आल्प्स पर्वतरांगेवर अडतात, त्यामुळे मिलफर्ड साऊंडला वर्षाला सरासरी ६,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. रात्रभर कोसळूनही आवरणातून एक थेंब झिरपला नाही. तरीही सकाळी झोपण्याच्या पिशव्या ओलसर होत्या, कारण पाऊस आत येईल या भीतीने आम्ही वरचे दोन्ही झरोके बंद केले होते आणि चौघांच्या श्वासाची वाफ आवरणाच्या आतल्या बाजूला पाणी होऊन ठिबकत होती. दुसऱ्या रात्री पाऊस असूनही झरोके उघडे ठेवले, तेव्हा ठिबकणे जवळजवळ थांबले. उभारताना आधी आतली खोली आणि मग आवरण, असा क्रम या रचनेत सक्तीचा आहे. भर पावसात हे फार त्रासाचे होते, आणि माझी सर्वांत मोठी तक्रार हीच आहे.

आता आवरण्याविषयी. मोटारप्रवासात तंबू रोज संध्याकाळी उभा राहतो आणि रोज सकाळी मोडतो, तोही बहुधा दवाने भिजलेला. मूळ पिशवी इतकी अरुंद आहे की कोरड्या तंबूची घडीही दोघांनी दाबून बसवावी लागते, ओल्या तंबूची तर बसतच नाही. चौथ्या दिवसापासून आम्ही आवरण हुकांमधून सोडवून वेगळ्या मोठ्या पिशवीत ठेवू लागलो. त्यामुळे आतली खोली कोरडी राहिली, आणि दुपारी वाकाटिपू सरोवराच्या काठी किंग्स्टनजवळ जेवणासाठी थांबलो तेव्हा आवरण खडकांवर पसरले, ते वाऱ्यावर पाव तासात वाळले. आधी पाऊण तास घेणारे सकाळचे आवरणे वीस मिनिटांवर आले आणि आमच्यातली सकाळची चिडचिडही थांबली.

परतल्यानंतर सातव्या महिन्यात एका कोपऱ्यातली शिवणीवरची पट्टी वितभर सुटली. विक्रेत्याने ती हमीत बसत नसल्याचे कळवले. पावसाळी मुक्कामानंतर एकदा तंबू दोन दिवस ओलाच बांधून राहिला होता हे खरे, पण एवढ्याने पट्टी सुटू नये असे माझे मत आहे. शिवणीसाठी मिळणारा डिंक लावून ती मी घरी बसवली. तंबू आता पिशवीत न ठेवता सैल घडी करून कपाटात ठेवतो.

आवरणावर आणखी एक खूण आहे. प्रवासाच्या शेवटी आर्थर्स पासला पहाटे एक किया पोपट आला, दोरीचा ताण ओढून पाहू लागला आणि आम्ही बाहेर पडेपर्यंत चोचीने बोटाच्या पेराएवढे भोक पाडून गेला. बरोबर असलेले चिकट ठिगळ आम्ही तिथेच दोन्ही बाजूंनी लावले. त्यानंतर ११ रात्री आणि तीन जोरदार पाऊस झाले, तरी ठिगळाची कड उचललेली नाही.