हाताने फिरवायचा कॉफी भाजण्याचा ड्रम: चौदा महिन्यांच्या वापरानंतर

गॅसच्या शेगडीवर ठेवून हाताने फिरवायचा, घरगुती कॉफी भाजण्यासाठी बनवलेला स्टीलचा ड्रम मी चौदा महिन्यांपूर्वी विकत घेतला. तेव्हापासून त्यात भाजलेल्या प्रत्येक घाण्याची नोंद मी वहीत ठेवत आले असून आजवर असे ६८ घाणे झाले आहेत. माझे मत थोडक्यात आधीच सांगते. कॉफी एकसारखी भाजण्याच्या कामात हा ड्रम अतिशय चांगला आहे. मात्र भाजून झालेल्या बिया झटकन बाहेर काढण्याची सोय त्यात नीट केलेली नाही, आणि कॉफीच्या बाबतीत शेवटच्या अर्ध्या मिनिटाला फार मोल असल्यामुळे ही उणीव दुय्यम मानता येत नाही.

ड्रमचा व्यास साधारण १५ सेंटिमीटर आणि लांबी २० सेंटिमीटर असून त्याला सगळीकडून बारीक भोके आहेत. आतल्या बाजूला तीन पट्ट्या वेल्ड केलेल्या आहेत, त्यामुळे ड्रम फिरताना बिया वर उचलल्या जातात आणि पुन्हा खाली पडतात. एका टोकाला लाकडी मुठीचा दांडा, दुसऱ्या टोकाला खिट्टीचे दार आणि खाली दोन पायांचा स्टँड, एवढाच हा सगळा सरंजाम आहे. मला तो ३,८०० रुपयांना पडला. एका वेळी २५० ग्रॅम बिया भाजता येतात असे बनवणाऱ्याचे म्हणणे आहे. माझ्या अनुभवात २०० ग्रॅमच्या वर गेले की बिया नीट खालीवर होत नाहीत.

यापूर्वी दोन वर्षे मी लोखंडी कढईत कॉफी भाजत होते. कढईची अडचण बीच्या आकारात आहे. कॉफीच्या बीची एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असते, आणि कितीही हलवले तरी ती सपाट बाजूवर येऊन बसते. परिणामी सपाट बाजूवर काळे डाग पडतात, टोके करपतात आणि आतला भाग मात्र कच्चा राहतो. अशी कॉफी एकाच घोटात कडू आणि गवताळ लागते. इथिओपियात पाहुण्यांसमोर सपाट तव्यावर कॉफी भाजण्याची जुनी रीत आहे, आणि सरावाचा हात असेल तर तव्यावरही उत्तम कॉफी भाजली जाते, हे मला मान्य आहे. पण आठवड्यातून एकदा भाजणाऱ्याला तो हात बसायला फार वेळ लागतो. गरम हवेवर चालणारे पॉपकॉर्नचे यंत्रही मी एका परिचितांकडून आणून वापरून पाहिले. त्यात बिया पाच-सहा मिनिटांत भाजल्या जातात आणि कॉफीची आंबट, फळासारखी चव छान खुलते, परंतु एका वेळी जेमतेम ८० ग्रॅम बिया मावतात आणि पंख्याच्या आवाजात बिया तडकल्याचे ऐकू येत नाही.

ते ऐकू येणे का आवश्यक आहे, हे एका घाण्याच्या नोंदीवरून सांगते. बिया चिकमगळूरच्या, धुऊन वाळवलेल्या अरेबिका या कॉफीच्या जातीच्या, सिलेक्शन ७९५ या वाणाच्या होत्या. बाळेहोन्नूरजवळच्या कॉफी संशोधन केंद्राने १९४० च्या दशकात दिलेला हा वाण आजही कर्नाटकातल्या मळ्यांत मोठ्या प्रमाणावर आहे, आणि घरी भाजणाऱ्याला तो सहज मिळतो. २०० ग्रॅम बिया तापलेल्या ड्रममध्ये टाकून आच मध्यम ठेवली. हिरव्या बियांमध्ये दहा ते बारा टक्के पाणी असते, त्यामुळे पहिली चार मिनिटे केवळ ते पाणी निघण्यातच जातात आणि ओल्या पेंढ्यासारखा वास येत राहतो. पाचव्या मिनिटाला बिया पिवळ्या झाल्या आणि वास बदलून भाजलेल्या गव्हासारखा झाला. त्यानंतर रंग झपाट्याने तपकिरीकडे गेला. ८ मिनिटे ४० सेकंदांनी पहिली बी तडकली, आणि पाठोपाठ लाह्या फुटाव्यात तसा तडतडाट सुरू झाला. यालाच फर्स्ट क्रॅक म्हणतात. बीच्या आत कोंडलेली वाफ आणि वायू ती फोडून बाहेर पडतात. त्या वेळी बीचे तापमान २०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. या क्षणी मी आच निम्मी केली आणि १० मिनिटे ५० सेकंदांना बिया बाहेर काढल्या. थंड झाल्यावर वजन १७१ ग्रॅम भरले, म्हणजे घट साडेचौदा टक्के झाली, आणि मध्यम भाजलेल्या कॉफीसाठी ती अगदी योग्य आहे. परातीत पसरून पाहिल्यावर फिकट राहिलेल्या बिया मोजून सात निघाल्या. कढईत एवढा एकसारखा रंग मला एकदाही साधला नव्हता.

आणखी भाजत राहिले, तर साधारण २२५ अंशांपुढे सेकंड क्रॅक सुरू होतो. त्याचा आवाज लहान आणि घाईचा असतो. गरम तेलात मोहरी तडतडावी तसा. त्यापुढे बीवर तेल सुटते आणि मळ्याची, मातीची, वाणाची चव मागे पडून भाजल्याची चवच तेवढी उरते. फिल्टर कॉफीत दूध आणि चिकोरी घालायची असेल तर तिथपर्यंत जाण्यात काही चूक नाही. काळी कॉफी प्यायची असेल तर मात्र मी त्याच्या बरीच आधी थांबते.

या ड्रममध्ये तापमान मोजण्याची कोणतीही सोय नाही. इन्फ्रारेड थर्मामीटर रोखून पाहिला तर तो बियांचे तापमान न दाखवता ड्रमच्या पत्र्याचे दाखवतो, म्हणून तो मी बाजूला ठेवला. त्यामुळे सगळी भिस्त नाक, कान आणि डोळे यांवर राहते, आणि हा मला या साधनाचा गुण वाटतो. माझ्या सासूबाईंनी आयुष्यात कधी कॉफी भाजलेली नाही. तिसऱ्या की चौथ्या घाण्याच्या वेळी त्या ओट्याशी उभ्या होत्या आणि मी घड्याळाकडे पाहत असताना म्हणाल्या, “अगं, वास बदलला बघ. आता उतरव, नाहीतर करपेल.” मी वहीतल्या वेळेवर विसंबून आणखी चाळीस सेकंद थांबले. ती कॉफी कडवट झाली. चकलीच्या भाजणीसाठी डाळ-तांदूळ मंद आचेवर भाजताना जे नाक तयार होते, तेच नाक इथे उपयोगी पडते, हे त्या दिवशी मला कळले आणि तेव्हापासून घड्याळ मी केवळ नोंदीसाठी वापरते.

आता दोषांकडे येते. सर्वांत मोठा दोष दाराचा आहे. दार बंद ठेवणारी खिट्टी पातळ पत्र्याची असून उष्णतेने ती सैल होते. एकविसाव्या घाण्याला नवव्या मिनिटाला ती निसटली आणि निम्म्या बिया पेटत्या बर्नरवर सांडल्या. गॅस बंद करून, चिमट्याने बिया वेचून, बर्नर पुन्हा मोकळा करण्यात ती संध्याकाळ गेली. विक्रेत्याला छायाचित्रासह कळवले, परंतु उत्तर आले नाही. अखेर जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून जाड पट्टीची खिट्टी बसवून घेतली आणि त्यानंतर दार एकदाही उघडले नाही. मात्र खिट्टी मजबूत झाली तरी दाराची मूळ अडचण कायम आहे: ते अरुंद आहे. ड्रम उचलून तिरका केल्यावर सगळ्या बिया बाहेर पडायला २० ते २५ सेकंद लागतात, आणि तेवढ्या वेळात तापलेल्या पत्र्याला लागून बिया भाजल्या जातच राहतात. त्यामुळे मला हव्या त्या टप्प्याच्या थोडे आधीच गॅस बंद करावा लागतो. हा अंदाज बसायला सुमारे पंधरा घाणे खर्ची पडले. दार ड्रमच्या पूर्ण तोंडाएवढे केले असते, तर हा दोष उरला नसता, आणि खर्चही फारसा वाढला नसता.

दुसरा दोष आवाजाचा. आस स्टँडच्या खाचेत घासून कुरकुरतो आणि त्या कुरकुरीत सेकंड क्रॅकचा बारीक आवाज हरवतो. तिथे तेल लावले तर जळून त्याचा वास बियांना लागतो. मी पेन्सिलीचे शिसे किसून त्याची पूड खाचेत घासली आणि आवाज बराच कमी झाला. दर आठ-दहा घाण्यांनी ते पुन्हा करावे लागते.

ज्वाळा सरळ भोकांतून आत जात असल्यामुळे सुरुवातीला बियांवर जळके ठिपके येत होते. मध्ये जुना लोखंडी तवा ठेवून पाहिला. उष्णता एकसारखी झाली, पण बियांची गळणारी साले तव्यावर पडून धुमसू लागली आणि कॉफीला धुराची चव आली. शेवटी तवा काढून स्टँडच खाली पट्ट्या लावून दोन सेंटिमीटर उंच केला. ठिपके थांबले.

सालांबद्दल स्वतंत्रपणे सांगणे जरूर आहे. हिरव्या बीवर एक पातळ, चंदेरी पापुद्रा असतो आणि तो भाजताना सुटून भोकांतून खाली पडतो. काही पापुद्रे ज्वाळेत क्षणभर पेटतात, उरलेले बर्नरवर आणि ओट्यावर पसरतात. दर घाण्यानंतर बर्नर साफ करावाच लागतो. धूरही भरपूर होतो. एक्झॉस्ट फॅन किंवा मोठी खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात हे साधन वापरू नये. थंड करण्यासाठी मी मोठी पिठाची चाळण टेबल फॅनसमोर धरते आणि नंतर उरलेली साले सुपात पाखडून काढते. तीन मिनिटांत बिया हाताला गार लागल्या पाहिजेत, इतकी घाई या कामात आवश्यक आहे.

सर्व प्रकारच्या बिया या ड्रममध्ये सारख्या भाजल्या जात नाहीत. पीबेरी, म्हणजे फळात दोनऐवजी एकच गोल बी धरलेली कॉफी, यात सर्वांत सुंदर भाजली जाते, कारण ती सहज गडगडते. फळासकट वाळवलेल्या बियांचा रंग मुळातच कमीजास्त असतो आणि त्यांना लवकर डाग पडतात, म्हणून त्यांना आच कमी लागते. रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात; धुतलेला रोबस्टा, ज्याला बाजारात रोबस्टा पार्चमेंट म्हणतात, घट्ट बीचा असल्यामुळे त्याला जास्त उष्णता द्यावी लागते. मला सर्वाधिक त्रास मॉन्सून्ड मलबारने दिला. मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत पावसाळाभर दमट वारे लागू देऊन या बिया फुगवल्या जातात आणि त्या फिकट पिवळसर होतात. त्यामुळे रंगावरून अंदाज बांधणे कठीण होते आणि त्यांचा फर्स्ट क्रॅकही दबका असतो. ड्रमच्या कुरकुरीत तो दोनदा माझ्या हातून निसटला. खाचेत शिसे घासल्यावरच ही कॉफी मला नीट साधली. तिची आंबटपणा नसलेली, जड चव दूध, साखर आणि किसलेल्या जायफळाच्या आपल्या घरगुती कॉफीला विलक्षण शोभते.

भाजल्यावर लगेच कॉफी करून पिण्याचा मोह आवरावा. बियांतून कार्बन डायऑक्साइड निघत राहतो आणि पहिल्या दिवशी चव उथळ, तिखट लागते. मी डबा एक दिवस सैल झाकून ठेवते आणि चौथ्या दिवसापासून वापरायला घेते.

विजेवर चालणारी परदेशी यंत्रे, उदाहरणार्थ फ्रेश रोस्ट किंवा जीन कॅफे, याच्या कितीतरी पट महाग आहेत आणि त्यांत हात दुखत नाही, हेही खरे. महिन्याला अर्धा-पाऊण किलो कॉफी लागणाऱ्या, शनिवारी संध्याकाळचे दोन तास या कामाला आनंदाने देणाऱ्या घराला मी हा हातड्रम निःसंकोच सुचवेन. रोज घाईत कॉफी लागणाऱ्याने किंवा धूर सहन न होणारे कोणी घरात असेल त्याने तो घेऊ नये. घ्यायचा असल्यास शक्यतो प्रत्यक्ष पाहून घ्यावा, दार उघडून त्यातून मूठभर कच्चे शेंगदाणे ओतून पाहावेत, आणि ते सगळे बाहेर यायला दहा सेकंदांहून अधिक लागले तर दुसरा ड्रम दाखवायला सांगावे.