मेळ्यातली गाडी की शोरूमची? ग्वाल्हेरात नवी कार घेणाऱ्यांसाठी

डिसेंबर उजाडला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या घराघरांत एकच हिशेब सुरू होतो: गाडी आत्ता उचलायची की ग्वाल्हेरच्या व्यापार मेळ्यापर्यंत थांबायचं? दसरा गेला, दिवाळीचा पाडवा गेला, जुनी गाडी अजून कशीबशी चालते आहे, आणि कोणी ना कोणी सांगतंच, ‘थांबा हो, मेळ्यात टॅक्स अर्धा लागतो.’ सांगणारा खोटं बोलत नसतो. पण अर्धा म्हणजे नक्की किती, कोणत्या अटींवर, आणि त्यापायी हातचं काय जातं, हे तो सांगत नाही.

अटींपासून सुरुवात करू. 1905 साली माधवराव शिंदे महाराजांनी हा मेळा भरवला तेव्हा तो गुराढोरांचा बाजार होता; आता गर्दी खेचतात त्या गाड्या. मेळ्यात विकल्या गेलेल्या गाडीच्या आजीवन मोटार वाहन करात शासन 50 टक्के सूट देतं. त्यासाठी विक्रेत्याचा स्टॉल मेळ्यात प्रत्यक्ष हवा, त्याच्याकडे ग्वाल्हेर आरटीओचं ट्रेड सर्टिफिकेट (विक्रेत्याचा परवाना) हवं, आणि गाडीची नोंदणी ग्वाल्हेरलाच व्हायला हवी, म्हणजे पाटी एमपी 07. इंदूर-भोपाळचे विक्रेतेही या अटी पाळून इथे येतात, ते याचसाठी.

दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. पहिली: ही सूट कायमची नाही. दर वर्षी तिची वेगळी अधिसूचना निघते. मेळा 25 डिसेंबरच्या आसपास सुरू होतो, पण अधिसूचना हातात पडेपर्यंत कधीकधी जानेवारी अर्धा उलटतो. तोवर स्टॉलवरचा पोरगा ‘होईल साहेब, नक्की होईल’ म्हणत बुकिंग घेत राहतो. दुसरी: सूट विक्रीवर आहे, बुकिंगवर नाही. ज्या मॉडेलला दोन-तीन महिन्यांचं वेटिंग आहे ते जानेवारीत मेळ्यात बुक केलं आणि गाडी मेळा संपल्यावर मार्चमध्ये आली, तर कर पूर्ण भरावा लागेल. बुकिंगच्या पावतीवर ‘मेळ्याच्या मुदतीत गाडी न दिल्यास पूर्ण रक्कम परत’ हे एक वाक्य लिहून घ्या. लिहून देत नसेल तर समजायचं ते समजा.

पैशाचा हिशेब

कराचा दर गाडीची किंमत आणि इंधन यांवर ठरतो. हिशेबापुरते साडेसात लाखांच्या पेट्रोल गाडीला 8 टक्के आणि तेरा लाखांच्या गाडीला 10 टक्के धरू. पहिलीचा कर 60,000, मेळ्यात 30,000. दुसरीचा 1,30,000, मेळ्यात 65,000. म्हणजे छोट्या गाडीवर वाचतात तीस हजार, मोठीवर पासष्ट. इलेक्ट्रिक गाडीवर कर मुळातच कमी असतो. तिच्यासाठी मेळ्याची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

आता पारड्याची दुसरी बाजू. वर्षअखेरीला शोरूमला जुन्या सालाचा माल संपवायचा असतो. रोख सूट, एक्सचेंज बोनस, नोकरदारांसाठी कॉर्पोरेट ऑफर असं मिळून छोट्या गाडीवर तीस-पस्तीस हजार सुटणं नवलाचं नाही. हीच ऑफर मेळा लागला की हळूच आटते, कारण विक्रेत्याला माहीत असतं की गिऱ्हाईक टॅक्ससाठी आलंय, ते येणारच. म्हणून डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात एका शोरूममधून ऑन-रोड किमतीचं (कर, विमा, नोंदणी सगळं धरून) लेखी कोटेशन घेऊन ठेवा आणि मेळ्यात तेच मॉडेल, तेच व्हेरियंट, तोच रंग धरून दुसरं घ्या. दोन कागद शेजारी ठेवले की पाच मिनिटांत कळतं. तोंडी सांगितलेल्या ‘टॅक्समध्ये एवढे वाचले’ या आकड्याकडे बघूच नका, खालची शेवटची ओळ बघा.

मधल्या ओळींतून गळती होते ती अशी. विमा: नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, आणि त्याचा दर सगळ्या कंपन्यांचा सारखाच असतो. 2022 च्या दरपत्रकात तीन वर्षांसाठी 1000 सीसीपर्यंत 6,521 आणि 1000 ते 1500 सीसीला 10,640 रुपये होते, जीएसटी वेगळा. घासाघीस करायची ती गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या भागावर, म्हणजे ओन डॅमेजवर. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे असं कुठलंही बंधन नाही. बाहेरून त्याच विमामूल्याचं, त्याच झिरो डेपचं (दाव्यातून घसारा न कापणाऱ्या संरक्षणाचं) कोटेशन आणून समोर ठेवा. बहुतेक वेळा विक्रेता लगेच खाली येतो.

कर्ज: स्टॉलवर ‘पाच मिनिटांत लोन’ असतं. सहा लाख, पाच वर्षं, 9 टक्के असेल तर हप्ता साधारण 12,455 रुपये. तेच 9.5 टक्क्यांनी घेतलं तर 12,601. महिन्याला दीडशे रुपये कोणाच्या डोळ्यांत येत नाहीत, पण पाच वर्षांत पावणेनऊ हजार जातात, शिवाय प्रोसेसिंग फी. छोट्या गाडीवर वाचलेल्या कराचा जवळजवळ तिसरा हिस्सा इथेच वाहून गेला.

हँडलिंग चार्ज ही विक्रेत्याची स्वतःची रक्कम आहे, सरकारी फी नव्हे. ओळ वेगळी मागा आणि काढायला लावा. ‘एसेन्शियल किट’ या नावाखाली येणारे मॅट, मडफ्लॅप आणि सीट कव्हर बाहेर निम्म्यात मिळतात. दहा लाखांवरच्या गाडीला 1 टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून भरायचा आगाऊ आयकर) लागतो, तो दोन्हीकडे सारखाच आणि आयकर विवरणपत्रात परत मिळतो, तेव्हा त्याला खर्चात धरू नका.

थोडक्यात निवाडा: आठ लाखांच्या आतली गाडी असेल आणि डिसेंबरमध्ये शोरूम खरोखर तीस हजारांच्या पुढे उतरत असेल, तर मेळ्याची वाट बघू नका. बारा लाखांच्या वर मात्र मेळाच. तिथे कराची बचत कुठलीही शोरूम सहसा भरून काढत नाही.

मुहूर्ताचं त्रांगडं

साडेतीन मुहूर्तांपैकी एकही मेळ्याच्या दिवसांत येत नाही. वर आपल्याकडे पौष आणि इकडच्या हिंदी भाषकांकडे खरमास, दोन्ही शुभकार्याला वर्ज्य. 14 जानेवारीपर्यंत गाडी घ्यायला कोणी तयार नसतं, संक्रांत झाली की सगळं गाव एकदम मैदानावर. अधिसूचना त्याच सुमारास निघाली तर विचारूच नका. पुढचे तीन आठवडे स्टॉलवर, यार्डात आणि आरटीओत एकाच वेळी झुंबड. ज्यांना पौष-खरमासाचं काही नाही त्यांनी अधिसूचना निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी जावं. ज्यांना आहे त्यांनी वसंत पंचमीनंतरचा मधला वार धरावा, शनिवार-रविवार सोडून. शेवटच्या आठवड्यात जाऊ नये. तेव्हा रंग आणि व्हेरियंट विक्रेता निवडतो, तुम्ही नाही.

ज्यांना गुढीपाडव्यालाच गाडी दारात हवी त्यांच्यासाठी 2024 पासून उज्जैनचा पर्याय निघाला आहे. तिथला व्यापार मेळा विक्रमोत्सवाला (विक्रमादित्याच्या नावाच्या उत्सवाला) जोडलेला, आणि विक्रमोत्सव चैत्र प्रतिपदेशी. करात तशीच सूट मिळाली आहे, फक्त नोंदणी उज्जैनला. इंदूरकरांना तर तो घराशेजारी.

जे मेळाच देतो

एका दुपारी दहा-बारा गाड्यांत बसून बघणं शोरूम फिरून होत नाही. घरातल्या आजींना बरोबर न्या. गुडघे दुखणाऱ्या माणसाला गाडीत शिरताना खाली बसावं लागतं, वर चढावं लागतं की सरळ टेकता येतं, हे ब्रोशरात लिहिलेलं नसतं, आणि एका मागोमाग एक गाड्यांत बसल्यावरच ते कळतं. बरोबर मोजपट्टीही ठेवा. लष्करात राहणाऱ्यांचा खरा प्रश्न मायलेजचा नाही, वाड्याच्या दाराचा आहे. चिटणीस की गोठमधलं किंवा जनकगंजातलं सहा फुटी दार म्हणजे 183 सेंटीमीटर. कंपनीच्या पत्रकातली 170 ते 179 सेंटीमीटर रुंदी बहुधा आरशांशिवायची असते; आरसे उघडे असले की ती पंधरा-वीस सेंटीमीटरनी वाढते. म्हणजे 179 ची गाडी आरसे मिटून जेमतेम आत जाईल, दर वेळी श्वास रोखून. असे आरसे बटणाने मिटतात की हाताने, हे स्टॉलवरच बघा.

चालवून मात्र मेळ्यात बघता येत नाही. ते काम आधी शोरूममध्ये जाऊन, आणि शक्य तर महाराज बाड्याच्या बाजारातल्या गर्दीत क्लच किती वेळा दाबावा लागतो ते पाहून उरका.

डिलिव्हरी: इथे शोरूम पुढे

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका इथेच मेळा अडखळतो. गाडीची तपासणी इन्व्हॉइस, विमा आणि नोंदणी यांच्या आधी व्हायला हवी. एकदा चेसिस क्रमांक तुमच्या नावावर चढला की दारावर ओरखडा सापडला तरी गाडी बदलून मिळत नाही, फार तर रंग मारून मिळतो. शांत दिवसांत शोरूम यार्डात नेऊन गाडी दाखवते. मेळ्याच्या गर्दीत ‘आधी इन्व्हॉइस करून घेऊ, नाहीतर आजचा स्लॉट जाईल’ असं म्हणतात. स्लॉट जाऊ द्या.

यार्डात आधी चेसिस क्रमांक कागदाशी जुळवा. विक्री प्रमाणपत्रावर, म्हणजे फॉर्म 21 वर, उत्पादनाचा महिना आणि साल असतं. जानेवारीत घेतलेली गाडी मागच्या सालातली निघाली तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते. घ्यायला हरकत नाही, पण त्याची सूट वेगळी मागा. मग टायरच्या बाजूवरचा चार अंकी आकडा: 4825 म्हणजे 2025 चा 48 वा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. एकच टायर बाकीच्यांपेक्षा वर्षभर वेगळा असेल तर कारण विचारा. महिनोन्‌महिने उभ्या गाडीची बॅटरी उतरते. व्होल्टमीटर लावला तर बंद इंजिनावर 12.6 च्या आसपास हवा, 12.4 च्या खाली असेल तर चार्ज करून द्यायला सांगा. यार्डात टायर चपटे पडू नयेत म्हणून हवा जास्त भरून ठेवतात. ती तशीच राहिली तर नवी गाडी खड्ड्यात धाडधाड आपटते आणि लोक सस्पेन्शनला नावं ठेवतात. चालकाच्या दाराच्या खांबावर दाब लिहिलेला असतो, तेवढा करून घ्या.

रंग उन्हात बघा. जानेवारीत ग्वाल्हेरला धुकं अकरा-अकरापर्यंत उठत नाही आणि सहाच्या आत अंधार. त्यामुळे बारा ते चार ही वेळ. ट्यूबलाइटखाली बॉनेटवरचे पॉलिशचे गोल ओरखडे आणि दारांच्या रंगातली उन्नीस-बीस दिसत नाही. स्टॉलवर मांडलेली गाडी चुकूनही घेऊ नका; तिची दारं दिवसात कितीदा आपटली गेली याचा हिशेब नसतो.

पहिले दोन महिने

किरकोळ कटकटी दोन्हीकडे आहेत, पण सारख्या नाहीत. मेळ्याच्या गाडीला पक्का नंबर आणि एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) पाटी मिळायला वेळ लागतो, कारण हजारो फायली एकाच आरटीओत. तात्पुरत्या नोंदणीची मुदत कधी संपते ते फोनमध्ये लिहून ठेवा. पहिली मोफत सर्व्हिस बहुतेक कंपन्यांत 1000 किलोमीटर किंवा एक महिना, जे आधी होईल ते. मेळ्याच्या सगळ्या गाड्या फेब्रुवारी-मार्चमध्ये एकदमच वर्कशॉपला येतात. गाडी घेतल्याच्याच दिवशी पुढची तारीख बुक करा. शोरूमच्या गाडीला ही रांग नाही.

इंदूरला गाडी नेणाऱ्यांनी शिवपुरी-गुणा-ब्यावरा रस्त्यावर जवळजवळ पाचशे किलोमीटर पहिल्याच दिवशी काढायचे असतात. नव्या इंजिनाला तासन्‌तास एकच वेग मानवत नाही. दर काही मिनिटांनी वेग खालीवर करा, ऐंशीच्या आसपास ठेवा, टॉप गिअरमध्ये इंजिन घुसमटू देऊ नका. धुकं उठल्याशिवाय निघू नका. आतून काच धुरकटली तर हीटर वाढवून भागत नाही: एसी चालू, हवा बाहेरची, झोत काचेवर.

झाशीच्या पाहुण्यांसाठी एक सांगणं. तुमचा पत्ता उत्तर प्रदेशातला असेल तर मेळ्याची सूट तुमच्या कामाची नाही. भाच्याच्या नावावर एमपी 07 काढून गाडी झाशीत बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिकडे पुन्हा नोंदणी आणि पुन्हा कर, आणि अपघात झाला तर विम्याच्या कागदावर नाव भाच्याचं.