मलय कोंपांग: पथकासाठी घ्यावे, एकट्यासाठी नव्हे

कोंपांग हे मलय लोकांचे, एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवण्याचे चर्मवाद्य आहे. आमच्या खानापूरच्या शाहिरी पथकासाठी क्वालालंपूरच्या एका वाद्यविक्रेत्याकडून भाच्याकरवी चार कोंपांग मागवले होते. पावसाळाभर ते तालमीत वाजवून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की वाद्य निःसंशय घेण्याजोगे आहे. पण ज्याला एकच नग घ्यायचा आहे, त्याने हा खर्च करू नये.

घडण अतिशय नेटकी आहे. लाकडी कड्याची धरायची बाजू घासून इतकी गुळगुळीत केली आहे की बराच वेळ वाजवूनही अंगठ्याला रग लागत नाही. त्यावर बकरीचे कातडे मढवून पितळी खिळ्यांनी ओळीने पक्के केले आहे. टिपरू लागत नाही, सगळे काम तळहाताचे आणि बोटांचे: बोटे जुळवून थाप मारली की घुमारदार नाद निघतो, फाकवून मारली की कोरडा आणि कडक.

मात्र एकट्याने वाजवले तर ऐकणाऱ्याला हा आपलाच डफ वाटतो. कोंपांगची खरी गंमत वाजवणाऱ्यांच्या गुंफणीत आहे. मलय पथकात वेगवेगळे गट वेगवेगळे ठेके धरतात आणि एकाने मोकळी सोडलेली जागा दुसरा भरून काढतो, त्यामुळे कोणीही एकटा वाजवत नाही अशी भरगच्च लय सगळ्यांच्या हातांतून मिळून उभी राहते. आमच्या मुलांना हे जमायला वेळ लागला, कारण सोबत्याचा ठेका कानावर पडत असताना आपला सोडायचा नाही, हे डफावर शिकावे लागत नाही.

या खरेदीतली मोठी उणीव अशी की विक्रेत्याने सेदाक पाठवलेच नाहीत. सेदाक म्हणजे वेताची लांब पट्टी. ती कातडे आणि कडे यांच्या मधल्या फटीत आतून गोल दाबत बसवली की कातडे वर उचलले जाते आणि ताण चढतो. आपल्याकडे हलगी विस्तवावर शेकून चढवतात, पण खानापूरच्या झडीच्या पावसात, बंद सभागृहात, तो उपाय चालत नाही. शेवटी बुरुडाकडून मापाच्या पट्ट्या करून घेतल्या, त्या लाकडी ठोकळ्याने हळूहळू आत सरकवल्या, आणि सादळून मलूल झालेला आवाज डोळ्यांदेखत खणखणीत झाला. तालीम संपली की पट्टी काढून ठेवतो, म्हणजे कातड्यावर उगाच ताण राहत नाही.

मलय समाजात या वाद्याचा मान मोठा आहे. लग्नात नवरदेवाची मिरवणूक कोंपांगच्या गजरात निघते, पाहुण्यांचे स्वागत त्याने होते, आणि पैगंबरांच्या जयंतीला स्तुतिपर पठणालाही त्याची साथ असते. हे वाद्य अरब व्यापाऱ्यांबरोबर तिकडे पोचले असे मानले जाते. पथकातल्या मुलांना हे सगळे आधी सांगितले आणि मगच वाद्य त्यांच्या हाती दिले, कारण ज्याच्या साथीने कोणी श्रद्धेने गाते, त्या वाद्याला त्याच आदराने हात लावला पाहिजे. शिवाय तिकडचे संगीत आपल्याला अगदीच परके नाही. मलेशियातल्या जोहोरच्या मलय गझलेत गांबुस या तंतुवाद्याच्या जोडीला हार्मोनियम आणि तबलाही असतो, हे हार्मोनियमवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या बेळगावातल्या रसिकांना ऐकून नक्कीच आनंद होईल.

वाहतुकीचा खर्च धरता हे वाद्य आपल्या डफापेक्षा महाग पडते. मागवताना सगळे नग एकाच व्यासाचे आहेत याची खात्री करावी आणि प्रत्येकासोबत सेदाक मागून घ्यावे. कृत्रिम पडद्याचे कोंपांगही मिळतात. भर पावसातल्या मिरवणुकीसाठी ते सोयीचे असतील, पण तालमीसाठी आणि रंगमंचासाठी मी कातड्याचेच सुचवीन.