आरोग्य संजीवनी: अटी सगळीकडे सारख्याच, मग कंपनी कशी निवडायची?

पहिली मेडिक्लेम पॉलिसी घेणाऱ्यासाठी 'आरोग्य संजीवनी' हा सर्वांत सोपा पर्याय आहे. विमा क्षेत्राची नियामक संस्था इरडाने ठरवून दिलेली ही प्रमाणित पॉलिसी १ एप्रिल २०२० पासून मिळते. कंपनी कुठलीही घ्या, मूळ अटी त्याच. फरक पडतो तो हप्त्यात आणि क्लेमच्या वेळच्या वागणुकीत. हप्ता पाच मिनिटांत कळतो. क्लेमचं मात्र खोदून पाहावं लागतं, आणि बहुतेक जण नेमकं तेच सोडून देतात.

आधी पॉलिसीचं बघू. प्रत्येक क्लेममध्ये ५ टक्के रक्कम आपल्या खिशातून जाते. मोतीबिंदूसाठी एका डोळ्याला विमा रकमेच्या २५ टक्के किंवा ४०,००० रुपये, यांत जे कमी असेल तेवढंच मिळतं. हर्निया, मूळव्याध यांना २ वर्षं थांबावं लागतं. पण खरी मेख खोलीभाड्यात आहे. मर्यादा दिवसाला विमा रकमेच्या २ टक्के, तीही जास्तीत जास्त ५,००० रुपये. म्हणजे विमा अडीच लाखांवरून दहा लाखांवर नेला तरी खोलीचे ५,००० च.

समजा ८,००० ची खोली घेतली आणि ४ दिवस राहिलात. भाडं ३२,०००, सर्जन, भूलतज्ज्ञ आणि ऑपरेशन थिएटरचे मिळून १,२०,००० आणि औषधं ६०,०००, असं एकूण बिल २,१२,०००. खोलीचे २०,००० मंजूर होतील. डॉक्टर आणि थिएटरचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ५,००० भागिले ८,००० या हिशेबाने, ७५,००० वर येईल. औषधांना ही कात्री लागत नाही. बेरीज १,५५,०००, त्यातून ५ टक्के वजा. हातात १,४७,२५०. उरलेले ६४,७५० तुमचे. खोलीच्या दर्जानुसार डॉक्टरांची फी बदलत नसेल अशा रुग्णालयात ही प्रमाणशीर कपात करता येत नाही, म्हणून भरती होतानाच दरपत्रक मागून घ्या.

जाहिरातीतली 'क्लेम सेटलमेंट' टक्केवारी वाचताना हेच उदाहरण डोक्यात ठेवा. वरचा क्लेम ६४,७५० रुपये कापूनही 'निकाली' म्हणूनच मोजला जातो. 'इन्कर्ड क्लेम रेशो' हा आणखी वेगळा आकडा. जमा हप्त्यांच्या तुलनेत क्लेमवर किती खर्च झाला ते तो सांगतो. तुमचा क्लेम मंजूर होईल की नाही हे त्यावरून कळत नाही.

त्यापेक्षा कंपनीच्या संकेतस्थळावर 'पब्लिक डिस्क्लोजर' विभाग उघडा. तिथे एनएल-३७ या क्रमांकाच्या तक्त्यात किती क्लेम आले, किती फेटाळले, किती लटकले हे असतं. एनएल-३९ मध्ये निकालाला किती दिवस लागले ते दिसतं आणि एनएल-४५ मध्ये तक्रारी. एका तिमाहीवर भरवसा ठेवू नका, निदान दोन वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून बघा. त्यानंतर घराजवळच्या, तुम्ही खरंच जाल अशा दोन रुग्णालयांच्या मेडिक्लेम डेस्कवर जाऊन विचारा: या कंपनीचं कॅशलेस (बिल थेट कंपनीने रुग्णालयाला देण्याची सोय) सध्या चालू आहे का, आणि क्वेरी, म्हणजे क्लेमबद्दलच्या शंका, जास्त कुणाच्या येतात? आमच्या मते हे उत्तर सगळ्या तक्त्यांहून मोलाचं आहे.

इरडाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसची पहिली मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायला हवी. त्याहून उशीर झाला आणि रुग्णालयाने जादा आकार लावला, तर तो कंपनीने सोसायचा. प्रत्यक्षात बराच वेळ जातो तो रुग्णालयातून कागद निघेपर्यंत. म्हणून आदल्या संध्याकाळीच डिस्चार्ज समरी तयार करायला सांगा आणि ती वाचल्याशिवाय पुढे जाऊ देऊ नका. भरतीच्या गडबडीत एखादा नातेवाईक अंदाजाने सांगतो आणि निवासी डॉक्टर लिहितो, 'बीपी ५ वर्षांपासून'. पॉलिसी दोन वर्षांची असेल आणि अर्जात बीपी नसेल, तर त्या एका ओळीवर क्लेम अडतो. चुकीची नोंद डॉक्टरांकडून लगेच दुरुस्त करून घ्या. नोंद खरी असेल, तर चूक अर्जातच झालेली असते. एजंट 'नाही, नाही' अशा खुणा करत सुटला तर त्याला थांबवा. बीपी, शुगर, थायरॉइड, जुनं ऑपरेशन सगळं स्वतः लिहा. आधीच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ आता जास्तीत जास्त ३ वर्षं आहे. तो काढणं परवडतं, लपवणं नाही. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते, तेवढ्यात अर्जाची प्रत तपासून घ्या.

आमचं मत: तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी, जिथे ५,००० च्या आत बरी खोली मिळते, तिथे पहिली पॉलिसी म्हणून ही जरूर घ्यावी. मुंबई-पुण्यात मोठ्या खासगी रुग्णालयातच जायचं ठरलेलं असेल तर जास्त हप्ता भरून खोलीभाड्याची मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

क्लेम फेटाळला तर पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली, ते लेखी मागा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षभराच्या आत विमा लोकपालांकडे, म्हणजे विम्याच्या तक्रारींवर निर्णय देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्याला आहेत, ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. फी नाही, वकील लागत नाही.