नोंदणी विभागाचा ‘मोफत शोध’: पुण्यात फ्लॅट घेण्याआधी कितपत कामाचा?

रीसेलचा फ्लॅट पसंत पडला की विसार द्यायची घाई होते आणि त्या मिळकतीवर आजवर कोणते दस्त नोंदले गेले हे बघायचं राहून जातं. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर हे फुकट बघता येतं. विसार देण्याआधीची चाळणी म्हणून ही सेवा उत्तम आहे. टायटल क्लिअर असल्याचा दाखला म्हणून मात्र तिच्यावर अजिबात विसंबू नये.

वर्ष, जिल्हा, तालुका, गाव, मिळकत क्रमांक आणि कॅप्चा, एवढंच भरायचं. पहिला कॅप्चा टाकल्यावर बऱ्याचदा दुसरा येतो. पान बिघडलं समजून सोडून देऊ नका, तोही टाका. एका वेळी एकच वर्ष शोधता येतं, त्यामुळे वीस वर्षांसाठी वीसदा हेच करावं लागतं. हा या सेवेचा सगळ्यात कंटाळवाणा भाग.

शोध फसतो तो गावाच्या नावावर. पत्त्यात सहकारनगर असतं, पण महसुली गाव पर्वती. मॉडेल कॉलनीसाठी भांबुर्डा बघावं लागतं, मगरपट्ट्यासाठी हडपसर. क्रमांकाचंही तसंच: जुन्या दस्तात सर्व्हे नंबर, नंतरच्या दस्तात सिटीएस नंबर, म्हणजे नगर भूमापन क्रमांक. दोन्ही टाकून बघा, आणि पोटहिश्श्यासकट सापडलं नाही तर नुसता मुख्य क्रमांक टाका. विक्रेत्याच्या करारनाम्यातलं मिळकतीचं वर्णन समोर ठेवल्याशिवाय शोधायला बसूच नये. ‘नोंद सापडली नाही’ याचा अर्थ बहुतेक वेळा गाव किंवा क्रमांक चुकला एवढाच असतो.

हाती येतो तो इंडेक्स टू, म्हणजे सूची क्रमांक दोन: नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा. त्यात आधी विलेखाचा प्रकार बघा: करारनामा, खरेदीखत, गहाणखत, हक्कसोडपत्र की चूक दुरुस्ती पत्र. मग दस्त करून देणारा आणि करून घेणारा. एका दस्तातला घेणारा पुढच्या दस्तात देणारा म्हणून आला पाहिजे. साखळी तुटली तर कारण विचारा. अनेकदा मधला मालक वारलेला असतो आणि वारसांपैकी एकच जण विकायला निघालेला असतो. अशा वेळी बाकीच्या वारसांचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं, किंवा त्यांनी खरेदीखतावर सही करायला हवी. सोसायटीने शेअर सर्टिफिकेटवर नाव चढवलं म्हणून मालकी सिद्ध होत नाही.

या शोधात न दिसणाऱ्या गोष्टीही महत्त्वाच्या आहेत. मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही. कोर्टातला दावा इथे कळेलच असं नाही. मूळ कागद बँकेत ठेवून काढलेल्या कर्जाची ‘नोटीस ऑफ इंटिमेशन’, म्हणजे कर्जाची सूचना, नोंदणी कार्यालयात 30 दिवसांत दाखल करायची असते, पण ती झाली नसेल तर कर्ज इथे दिसणार नाही. म्हणून सरसाईवर (CERSAI, तारण कर्जांची केंद्रीय नोंदवही) वेगळा शोध घ्या आणि विक्रेत्याकडे मूळ नोंदणी पावती आहे का ते बघा. संगणकीकरणापूर्वीचे दस्त शोधायला वकिलामार्फत दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर फी भरून 30 वर्षांचा सर्च घ्यावाच लागतो. तो खर्च वाचवू नये, असं आमचं ठाम मत आहे.

पुण्यात आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: इमारत सोसायटी आहे की अपार्टमेंट? सोसायटी असेल तर जमिनीचं कन्व्हेयन्स, म्हणजे मालकीचं हस्तांतरण, सोसायटीच्या नावे झालंय का ते बघा. झालं नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणाचा (डीम्ड कन्व्हेयन्सचा) अर्ज करावा लागतो, आणि पुनर्विकासाची वेळ आली की हाच मुद्दा अडतो. 1970 च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची अपार्टमेंट असेल तर डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र) आणि विक्रेत्याच्या नावे नोंदलेलं डीड ऑफ अपार्टमेंट (त्या फ्लॅटच्या मालकीचा दस्त) मागा. भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरायला दिलेली परवानगी, दोन्हीकडे हवंच.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. महापालिका हद्दीत 80 लाखांच्या फ्लॅटला 7 टक्क्यांनी 5 लाख 60 हजार मुद्रांक शुल्क लागतं, खरेदीदार केवळ महिला असतील तर 6 टक्क्यांनी 4 लाख 80 हजार. शिवाय नोंदणी फी 30 हजार. रेडी रेकनरची, म्हणजे सरकारी दरतक्त्याची, किंमत व्यवहारापेक्षा जास्त निघाली तर शुल्क तिच्यावर. व्यवहार 50 लाख किंवा त्याहून जास्त असला की 1 टक्का टीडीएस कापून भरणं खरेदीदाराचं काम आहे. विक्रेता अनिवासी असेल तर कपात याहून बरीच मोठी असते. तिथे सीएला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला हजर करावा लागतो. सही करण्याआधी नोंदणीसाठी भरलेल्या माहितीचा (डेटा एंट्रीचा) प्रिंट काढून नावं, गाव, सर्व्हे नंबर आणि क्षेत्रफळ एकेक करून ताडून बघा. इथे राहिलेली चूक इंडेक्स टूमध्ये जशीच्या तशी उतरते, आणि मग चूक दुरुस्ती पत्रासाठी विक्रेत्याला पुन्हा कार्यालयात आणावं लागतं.