रेल्टन एट : आठ महिने चालवल्यावर

रेल्टन एट ही जुनी इंग्रजी गाडी घेतली तेव्हा ओळखीतल्या दोघातिघांनी नाक मुरडलं. म्हणे, इंग्रजी गाडी घ्यायची तर इंजिनही इंग्रजी हवं. आठ महिन्यांत दोन हजार मैल झाल्यावर सांगतो, ते अमेरिकन इंजिन आहे म्हणूनच ही गाडी रोज बाहेर निघते.

नोएल मॅकलिन यांची इन्व्हिक्टा ही मोटार कंपनी मंदीत अडचणीत आली. तेव्हा 1933 मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये सरेमधल्या कॉबमला हडसन या अमेरिकन कंपनीची चॅसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, आणि आठ सिलिंडरचं इंजिन आणून त्यावर हलकी इंग्रजी बॉडी चढवायला सुरुवात केली. नाव दिलं रीड रेल्टन यांचं, वेगाचे विक्रम करणाऱ्या जॉन कॉबच्या गाडीचे अभियंता. युद्ध आलं आणि सगळं थांबलं. जेमतेम सात वर्षांचा कारभार.

माझी 1935 ची टूरर, म्हणजे उघड्या टपाची गाडी आहे, 4168 सीसीची. टॉप गिअरमध्ये चालत्या माणसाच्या वेगापासून हळूच पेडल दाबलं की कुरकुर न करता उचलते. चढावर गिअर बदलावा लागत नाही, आणि तीनच गिअर असल्याची उणीव कधी भासली नाही.

क्लच मात्र समजून घ्यावा लागतो. प्लेटमध्ये बुचाचे गोल तुकडे बसवलेले असतात आणि ती तेलातच फिरते. त्यामुळे गाडी अगदी लोण्यासारखी सुटते. पण तेल पातळच हवं. एका गॅरेजवाल्याने घट्ट तेल भरलं, तर तीन आठवडे सकाळी पहिला गिअर टाकताना खर्रर्र आवाज यायचा. शेवटी तेल मीच काढलं, क्लच धुतला, नवीन तेल भरलं. त्याच दिवशी आवाज गेला. इंजिनातही तेल दाबाने फिरत नाही, पिस्टनला जोडलेल्या कनेक्टिंग रॉडच्या टोकाचे चमच्यासारखे भाग ते उडवत राहतात. म्हणून डिपस्टिक (तेलाची पातळी दाखवणारी पट्टी) न बघता मी किल्ली फिरवत नाही.

ब्रेक केबलचे, जोर लागतो. पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवायचं. गॅलनला सोळा मैल पडतात. सुटे भाग अमेरिकेतून येतात, आणि त्या काळच्या अस्सल इंग्रजी गाड्यांच्या मानाने स्वस्तही.

बॉनेटवरच्या रिव्हेटांची रांग मी दर रविवारी फडक्याने पुसतो. उन्हाळ्यात आई पुण्याहून आली होती, तिला मागे बसवून सरेमधल्या बॉक्स हिल या टेकडीवर नेलं. वर पोचल्यावर म्हणाली, "अरे, चढ कधी लागला कळलंच नाही."